नसलेला पोचा

इस्त्रीकाकांच्या टोपणनावाने एकदा चांगलाच घोळ घातला होता, तो आधी सांगून टाकलेला बरा. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, "इथं इस्त्री कोण करतं?" दुकानदार मुलखाचा खट्याळ. त्याने समोरच्या गॅरेजकडे बोट केलं. बाई चार चादरी आणि सहा शर्टांचं गाठोडं घेऊन थेट आत. चाळीस वर्षं पत्रा ठोकून काकांना ऐकू जरा कमीच येतं. बाई काय म्हणाल्या ते त्यांना कळलं नाही, पण गाठोडं उघडून पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. पुसायला सुती कापड कुणी आपणहून आणून देतंय म्हटल्यावर गॅरेजमधला माणूस खूश होणारच. सगळा उलगडा होईपर्यंत एका चादरीने गिअरबॉक्स पुसून झाला होता.

तर हे इस्त्रीकाका म्हणजे डेंटर. गाडीला पडलेले पोचे काढणारे. त्यांच्या हाताखालून गेलेला पत्रा इस्त्री केल्यासारखा निघतो, म्हणून हे नाव. बाकीचे डेंटर काय करतात? पोचा ढोबळ उचलतात, उरलेल्या खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात आणि वरून रंग मारतात. काकांना पुट्टीचा भारी तिटकारा. "पुट्टी भरणं म्हणजे काम न करता पावडर लावणं," असं ते मोठ्याने म्हणतात. त्यांचं सगळंच मोठ्याने असतं, कारण स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकायचा असतो.

रंग फुटलेला नसेल तर काका रंगाला धक्का न लावता पत्रा जागेवर आणतात. दाराच्या काचेच्या फटीतून लांब सळ्या आत घालायच्या, मागून दाबायचं, पुढून लाकडी ठोकळ्याने बेतानं टिचकी मारायची, मध्येच गरम हवेने पत्रा सैल करायचा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यात सरळ दिसेपर्यंत थांबायचं नाही. आणि एवढं करून समाधान नाही. आतली बाजू, जी दाराच्या कव्हराखाली जन्मभर कुणी पाहणार नाही, तीसुद्धा ते घोटून ठेवतात. एखादं गिऱ्हाईक गाडी न्यायला येतं, निरखून पाहतं आणि तणतणतं, "अहो, इथं तर काहीच केलेलं दिसत नाही!" तेव्हा गॅरेजच्या मालकीणबाई कपाळाला हात लावतात आणि काकांची छाती मात्र दोन बोटं फुगते. कुठे हात लावला ते सांगता आलं तर ते काम कच्चं, एवढं त्यांचं साधं गणित. घरी बायकोच्या कुकरला बारा वर्षांपासून पोचा आहे, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या उस्तादांनी त्यांना एक नियम शिकवला होता: शेवटचा पोचा आधी काढायचा. गाडीला मार लागतो तो एका क्रमाने लागतो. आधी एक धक्का, त्यातून दुसरा, दुसऱ्याने पत्रा ताणला म्हणून तिसरीकडे फुगवटा. उतरवायचं ते उलट्या क्रमाने. आपण सदऱ्यावर कोट घालतो, काढताना कोट आधी काढतो, तसंच. क्रम चुकला की पत्रा रुसतो आणि मग पुट्टीशिवाय गत्यंतर नाही. म्हणून हातोडीला हात लावायच्या आधी काका अर्धा तास नुसता तळवा फिरवत बसतात. कोणता मार पहिला, कुठून आला, किती जोरात आला, हे सगळं त्यांना बोटांनी कळतं. तरुण मेकॅनिक त्याला 'काकांचा वाचनतास' म्हणतात. म्हणेनात का, पण त्यांच्यातल्या एकालाही ही अक्षरं लागत नाहीत.

गॅरेजचा दुसरा एक नियम होता, आणि तो जगातल्या सगळ्याच गॅरेजांचा असावा. विम्याची गाडी आली की विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत तिला कुणी बोट लावायचं नाही. काय मोडलंय, कसं मोडलंय, फॉर्मवर लिहिलंय त्याच्याशी ते जुळतंय का, हे त्याने डोळ्यांनी बघायचं आणि मगच काम सुरू. हा नियम गॅरेजमध्ये सगळ्यांत जोरात कोण ओरडून सांगायचं? इस्त्रीकाका. एकदा पेंटरने विम्याच्या गाडीच्या दिव्यावरचा चिखल पुसला, तर काकांनी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला होता की बिचारा आठवडाभर फडक्याला हात लावायला घाबरत होता.

आणि तरीही त्या मंगळवारी जे व्हायचं ते झालंच.

काका सकाळी सातला येतात, बाकीची मंडळी नऊला. त्या दिवशी ते आले तेव्हा मोडक्या गाड्या ओढून आणणारा टोचनवाला एक छोटी निळी गाडी आत लावून जात होता. गाडी सगळ्यांच्या ओळखीची, सुईणबाईंची. आजूबाजूच्या चार वस्त्यांमधली अर्धी पोरं या बाईंच्या हातावर जन्मलेली. इस्पितळ लांब, रस्ते असे तसे, आणि बाळं काही घड्याळ बघून येत नाहीत. त्यामुळे ती गाडी म्हणजे बाईंचे पाय होते. आता तिचं नाक पार आत गेलं होतं, रेडिएटर फुटला होता, दिवे लोंबत होते, चाकही वाकडं झालं होतं. पण काकांनी तिच्या नाकाकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर शेजारच्या सीटच्या दारावर गेली आणि तिथेच अडकली.

दाराला पोचा होता, पण कसा! उभा, लांबट, मधोमध दाबलेला, पुढे खेचत नेलेला, आणि त्याच्या टोकावर बिजागरीकडून आलेला एक फुगवटा चढलेला. रंगाला मात्र ओरखडासुद्धा नाही, फक्त रबराचा काळा डाग. असला पोचा दहा वर्षांतून एकदा येतो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दार फेका, नवं टाका. काकांचे हात शिवशिवायला लागले. आधी त्यांनी नुसता तळवा ठेवला. मग म्हणाले, बघू तरी सळी पोहोचते का. सळी पोहोचली. मग म्हणाले, हा फुगवटा तेवढा बसवून बघू. फुगवटा बसला. पुढचं त्यांना आठवत नाही. काम रंगात आलं की काकांना सर्व्हेअर, विमा, नियम, चहा, कशाचीही शुद्ध राहत नाही. नऊला माणसं आली ती आपापल्या कामाला लागली. काका दाराशी वाकून काहीतरी करतायत, यात नवल काय? साडेअकराला काकांनी पॉलिशने काळा डाग पुसला, दोन पावलं मागे सरकले आणि ट्यूबलाइटचं सरळसोट प्रतिबिंब बघून स्वतःवरच खूश झाले.

बारा वाजता सर्व्हेअर आला.

सर्व्हेअर तरुण होता, सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलणं इतकं हळू की काकांना त्याचे फक्त ओठ हललेले दिसायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला रोज दहा माणसं खोटं सांगायची, आणि त्यातली आठ तरी रस्त्यात कुत्रं आडवं आल्याचं सांगायची. त्यामुळे कुणाचंच काही खरं मानायचं नाही, अशी त्याला सवय लागली होती. सोबत सुईणबाईही आल्या होत्या, एक हात गळ्यात बांधलेला. त्याने फॉर्म उघडला आणि वाचला: कोपऱ्यावर वळणाऱ्या ट्रकने शेजारच्या सीटच्या दाराला धडक दिली, त्या धक्क्याने गाडी ढकलली जाऊन खांबावर आदळली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. दारापाशी थांबला. परत फॉर्म वाचला. परत दार बघितलं.

"बाई, कुठल्या दाराला धडक बसली म्हणालात?"

"हे काय, ह्याच!" असं म्हणत बाई दाराकडे वळल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अगबाई, पोचा कुठे गेला?"

सगळ्या गॅरेजने एकाच वेळी माना वळवून इस्त्रीकाकांकडे पाहिलं. काकांना ऐकू काही आलं नव्हतं, पण एवढ्या माना आपल्याकडे वळल्या की माणसाला कळतं. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं, हे त्यांना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी समजलं.

"चूक माझी आहे, साहेब," ते पुढे होऊन म्हणाले. "पोचा होता. सकाळी मी काढला."

सर्व्हेअरने खिशातून एक छोटं यंत्र काढलं. रंगाचा थर किती जाड आहे ते त्यावर दिसतं. दारावर दहा ठिकाणी टेकवून पाहिलं. मग आतलं कव्हर उघडायला लावलं आणि बॅटरी मारून मागची बाजू पाहिली. ठोक्याची एक खूण नाही. काकांनीच ती घोटून ठेवली होती ना!

"कंपनीचा मूळ रंग आहे, काका," तो म्हणाला. मालकीणबाईंनी ते काकांच्या कानाशी ओरडून सांगितलं. "असा पोचा रंग न उडवता, मागे खूण न ठेवता निघतच नाही. तुम्ही बाईंना वाचवताय, ते मला कळतंय. पण या दाराला काही झालेलं नव्हतं."

मंडळी, विचार करा. ज्या माणसाने चाळीस वर्षं एवढ्याचसाठी घाम गाळला की हात लावलेला कुणाला कळू नये, त्याला आज कुणीतरी तोंडावर सांगत होतं की तू हात लावलेलाच नाहीस. याहून मोठी शाबासकी काकांना कधी मिळाली नव्हती, आणि ती नेमकी अशा वेळी मिळाली की घशाखाली उतरेना.

बाईंचा फोन धडकेत चक्काचूर झाला होता, त्यामुळे फोटो नव्हता. टोचनवाल्याने एक फोटो काढला होता, पण तो समोरून, त्यात दार नाही. काळा डाग पुसलेलं फडकं काकांनी शोधून आणलं, तर सर्व्हेअर हसला. गॅरेजमधलं कुठलं फडकं काळं नसतं? बाईंनी ट्रकचा नंबर लक्षात ठेवून फॉर्मवर लिहिला होता, पण कंपनीने फोन करून विचारल्यावर ट्रकमालकाने साफ कानावर हात ठेवले होते. आमचा ट्रक कुणाला लागला नाही म्हणे.

मग सर्व्हेअरने बाईंना बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात सांगितलं, "तुम्ही पहाटे बाळंतपण उरकून येत होतात. रात्रभराचं जागरण. डोळा लागला असेल, खांबावर गेलात. त्यात लाज कसली? तसं लिहून द्या, तरी कंपनी भरपाई देईल. पण ट्रकची गोष्ट खोटी निघाली तर सगळाच दावा फेटाळावा लागेल. खोट्या माहितीला आमच्याकडे माफी नाही."

सुईणबाईंनी बांधलेला हात दुसऱ्या हाताने सावरला. "साहेब, माझा डोळा लागला नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि लागला होता असं मी लिहून दिलं, तर उद्या कुठली सासू मला सुनेच्या उशाशी बसू देईल? जी बाई गाडी चालवताना झोपते ती बाळ काढताना झोपणार नाही कशावरून? गाडी गेली तर मी चालत जाईन. पण हे नाही लिहायची."

आता सगळं उघड झालं होतं. दाव्यावर बाईंची गाडी अवलंबून होती आणि गाडीहून मोठं त्यांचं नाव होतं. त्या नावाची एकुलती एक साक्षीदार म्हणजे ते दार, आणि त्या साक्षीदाराचं तोंड काकांनी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

"उद्या दुपारी रिपोर्ट द्यायचाय," सर्व्हेअर म्हणाला आणि तो मालकीणबाईंच्या केबिनमध्ये कागदांची नोंद करायला गेला. तेवढ्यात मालकीणबाईंनी काकांना गाठलं. नवऱ्यामागे दहा वर्षं हे गॅरेज एकटीने चालवलेली बाई, व्यवहाराला पक्की. कानाशी येऊन म्हणाल्या, "काका, उगाच तत्त्वज्ञान नको. त्याच जागी एक लाथ घाला. म्हणावं, हे बघा, नीट पाहिलं नव्हतंत तुम्ही. झालं!"

"खोटा पोचा मी पाडणार नाही," काका म्हणाले, आणि त्यांच्या समजुतीने हे अगदी हळू म्हणाले. केबिनमध्ये सर्व्हेअरने मान वर केली.

"अहो, हळू!" मालकीणबाई दातओठ खात म्हणाल्या.

पण बोलता बोलता काका एकदम थांबले. खोटा पोचा. म्हणजे खरा कसा होता ते आपल्याला माहीत आहे. कसं माहीत आहे? अर्धा तास वाचलाय आपण तो. इंच न् इंच वाचलाय. ते तसेच केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. "साहेब, पोचा मी परत आणू शकत नाही," ते म्हणाले. "पण तो कसा होता ते काढून दाखवतो. खडू आहे का कुणाकडे?"

काका दारासमोर गुडघ्यावर बसले. डोळे मिटले, डावा तळवा पत्र्यावर ठेवला आणि उजव्या हाताने रेघ ओढायला सुरुवात केली. पत्रा सपाट होता, पण बोटांना सगळं पाठ होतं. आपल्याच निष्कलंक कामावर ते आपल्याच हाताने रेघोट्या मारत होते. आधी त्यांनी बिजागरीकडचा फुगवटा काढला. मग त्याच्याखाली दबलेलं लांब पोच्याचं टोक. मग त्या पोच्याच्या उभ्या धारेवर तीन छोटे खड्डे, एकाखाली एक, प्रत्येकाला पुढच्या बाजूला बोटभर शेपूट.

"हे ऐका," ते म्हणाले. ऐकण्यावाचून कुणाला पर्यायही नव्हता, आवाजच तेवढा होता. "हा मार ट्रकच्या बंपरच्या कोपऱ्याचा. कोपऱ्यावर जाड रबराची पट्टी आहे, म्हणून रंग फुटला नाही. पट्टी बोल्टने बसवलीय. बोल्टची डोकी रबरातून दबली, त्यांचे हे खड्डे. खड्डे सगळे पुढे ओढलेत, म्हणजे ट्रक चालू होता, गाडीच्याच दिशेने वळत होता. आता हा बिजागरीकडचा फुगवटा. हा खांबामुळे आलाय, नाक मागे ढकललं गेलं म्हणून. आणि तो ट्रकच्या पोच्यावर चढलाय, खाली नाही. म्हणजे आधी ट्रक, मग खांब. बाई म्हणतात तेच. मला फुगवटा आधी काढावा लागला, तेव्हा कुठे पोचा हलला."

सर्व्हेअरने चष्मा पुसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज काकांना ऐकू आला. "हे तुम्ही बाईंचा फॉर्म ऐकूनही सांगू शकता."

"फॉर्ममध्ये बोल्ट आहेत?" काका म्हणाले. "वरून पहिला खड्डा इथे. त्याच्याखाली आठ बोटांवर दुसरा. त्याच्याखाली चार बोटांवर तिसरा. बोल्ट कुणी असे वेडेवाकडे मारत नाही. सगळे चार चार बोटांवर असणार. म्हणजे पट्टीला भोकं चार, आणि वरून दुसरा बोल्ट नाही. पडलाय. मी तो ट्रक बापजन्मात पाहिलेला नाही. तुम्ही जा आणि बघा. तिथे चार बोल्ट असले, तर दावा फेटाळा, आणि उद्यापासून मी हातोडी धरणार नाही. ह्या सगळ्यांसमोर सांगतो."

सर्व्हेअरने पेंटरकडून आरपार दिसणारा पातळ कागद मागून घेतला, दारावर पसरला, चारी बाजूंनी चिकटवला आणि खडूच्या रेघा त्यावर पेनने गिरवून घेतल्या. जमिनीपासूनची उंची मोजली, कागदावर लिहिली, खाली काकांची सही घेतली. कागदाची घडी बॅगेत ठेवून तो निघाला. "तुम्ही माझ्यासोबत यायचं नाही," एवढं मात्र बजावलं. त्याचंही बरोबर होतं.

त्या संध्याकाळी काका घरी आले तेव्हा बायकोने त्यांचे हात पाहिले. रोज तेच बघते ती. हात काळे असले की दिवस बरा गेला. आज हातांवर पांढरी भुकटी होती. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "चूक कबूल केलीत ना? मग आता कशाला तोंड पाडून बसलाय?"

"ट्रकवाल्याने आज बोल्ट बसवून घेतला असला तर?" काका म्हणाले. ही भीती त्यांना रस्ताभर पोखरत होती. दुसऱ्याचं नाव धुळीला मिळेल ते मिळेल, वर आपली हातोडीही जाईल. आणि हातोडी नसलेले आपण कोण, याचा त्यांना विचारच करवेना.

"जो माणूस धडक देऊन पळून जातो, तो बोल्ट बसवत बसेल होय?" बायको म्हणाली. "तुमच्यासारखे सगळे असते तर तुम्हाला काम तरी कुठून मिळालं असतं? जेवून घ्या."

काका जेवले, पण काय जेवले ते त्यांना विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत गॅरेजमध्ये कुणाचं कामात लक्ष नव्हतं. सुईणबाई सकाळपासून येऊन बाकावर बसल्या होत्या. काकांनी एका गाडीचा बंपर उघडला, परत बसवला, परत उघडला. साडेबाराला सर्व्हेअर आला. तो सरळ काकांपुढे आला आणि काहीतरी बोलला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. काकांनी मालकीणबाईंकडे पाहिलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावलेला. सुईणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काय म्हणतात ते?" काका ओरडले. "कुणी सांगाल का मला?"

"तीन बोल्ट आहेत, काका!" मालकीणबाई रडतरडत त्याहून मोठ्याने ओरडल्या. "वरून दुसऱ्या भोकात बोल्ट नाही! कागद धरून बघितला त्यांनी, तिन्ही खड्डे बोल्टांवर बसले! आणि रबर तिथेच ताजं घासलंय!"

गॅरेजमध्ये जो गलका झाला तो मात्र काकांना कुणी सांगायची गरज पडली नाही. पेंटर, तोच तो, फडक्याला घाबरणारा, त्याने काकांना उचलायचाच प्रयत्न केला. सुईणबाईंनी काकांचा उजवा हात आपल्या चांगल्या हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला, आणि काका नुसते मान हलवत राहिले.

सर्व्हेअर काकांच्या कानाशी आला आणि जन्मात पहिल्यांदाच ओरडला, "दावा मंजूर करायची शिफारस करतोय. ट्रकचे फोटो जोडलेत. पण काका, नियम म्हणजे नियम. पाहणीआधी केलेल्या कामाची भरपाई मिळत नाही. दाराच्या कामाचं काही लिहिता येणार नाही मला."

"दाराला काय झालंय?" काका म्हणाले. "चांगलं तर आहे."

सर्व्हेअर हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, हातातली बॅग खाली ठेवली, डोळे मिटले आणि तळवा दारावर फिरवला. एकदा, दोनदा. खडूच्या रेघा पुसल्या जाऊ नयेत इतक्या हलक्या हाताने. तो त्या पत्र्यात काय शोधत होता ते सगळ्यांना कळत होतं, आणि त्याला ते सापडत नव्हतं हेही. डोळे उघडून तो काकांकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात जोडले. काका आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघत होते तो हा असावा, कारण त्यांनी लगेच तोंड फिरवलं आणि नसलेली सळी शोधायला लागले.

तीन आठवड्यांनी गाडी तयार झाली. नवं नाक, नवा रेडिएटर, सरळ चाक. द्यायच्या आधी काकांनी ओलं फडकं घेतलं आणि खडूच्या रेघा पुसायला दाराशी वाकले. इतके दिवस कंपनीची कागदपत्रं चालू होती म्हणून कुणी त्या पुसू दिल्या नव्हत्या.

"काका, राहू द्या!" सुईणबाई धावत आल्या.

"अहो बाई, एवढी चांगली गाडी, आणि हे काय पोराटोरांच्या रेघोट्यांसारखं! लोक काय म्हणतील?"

"विचारतील," बाई म्हणाल्या. "विचारू देत की. मला सांगायचंच आहे."

आणि त्यांनी खरंच तशीच गाडी नेली. खडू असा किती दिवस टिकणार? दहा, पंधरा दिवस. पण तेवढ्या दिवसांत चारही वस्त्यांत बाई जिथे जिथे गाडी उभी करायच्या, तिथे कुणी ना कुणी विचारायचंच, दारावर हे काय काढलंय? बाई सांगायच्या, इथं ट्रकने ठोकलं होतं. मग विचारणारा वाकायचा, बोट फिरवायचा, एक डोळा मिटून उजेडात बघायचा आणि म्हणायचा, "कुठं? इथं तर काहीच नाही."

"हो ना," बाई म्हणायच्या, आणि इस्त्रीकाकांच्या गॅरेजचा पत्ता द्यायच्या.